डेल्टा म्हणजे नेमकं काय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सांगली जिल्ह्यात कृष्णाकाठच्या एका गावात माझं मोटार रिवाइंडिंगचं, म्हणजे जळालेल्या मोटारींची तार नव्याने गुंडाळायचं दुकान आहे. ‘डेल्टा’ हा शब्द आमच्या तोंडात दिवसातून पन्नास वेळा येतो. गिऱ्हाईक बाकावर बसून काम बघत असतं आणि मध्येच विचारतं, “हा डेल्टा म्हणजे काय हो?” शेतकरी विचारतात, दहावीतली मुलं विचारतात, सुट्टीवर आलेले जवान विचारतात. करोनानंतर तर बायाबापड्याही विचारायला लागल्या. प्रत्येकाला तोंडी सांगत आलो. आता तेच प्रश्न आणि उत्तरं एका ठिकाणी लिहून ठेवतो आहे.

डेल्टा हा शब्द मुळात कुठला?

ग्रीक वर्णमालेतल्या चौथ्या अक्षराचं हे नाव. अल्फा, बीटा, गॅमा आणि मग डेल्टा. मोठा डेल्टा म्हणजे सरळ तीन रेघांचा त्रिकोण, टोक वर आणि पाया खाली. लहान डेल्टा वेगळा दिसतो. खाली गोल पोट आणि वर वाकलेली शेपटी, मुलांनी घाईत काढलेल्या इंग्रजी सहाच्या आकड्यासारखा.

अक्षर ग्रीक असलं तरी नाव ग्रीक नाही. आजच्या लेबनॉनच्या किनाऱ्यावर फिनिशियन नावाचे दर्यावर्दी व्यापारी राहायचे. ग्रीकांनी इसवी सनापूर्वी आठव्या शतकाच्या सुमाराला लिपी घेतली ती त्यांच्याकडून. फिनिशियनांच्या अक्षरांना घरादारातल्या वस्तूंची नावं होती. पहिलं अलेफ म्हणजे बैल, दुसरं बेथ म्हणजे घर, आणि चौथं दालेथ म्हणजे दार. आपण मुलांना ‘क कमळाचा’ शिकवतो तसंच हे, फक्त तिथे अक्षराचं नावच ‘कमळ’ असायचं.

ग्रीकांनी अक्षरं घेतली आणि त्यांची नावंही जवळजवळ तशीच ठेवली. जिभेला सोपं जावं म्हणून शेवटी ‘आ’ लावला. अलेफचं अल्फा झालं, बेथचं बीटा, दालेथचं डेल्टा. अर्थ मात्र मागे किनाऱ्यावरच राहिला. ग्रीक पोराला डेल्टा म्हटल्यावर दार आठवायचं नाही, ते फक्त एक अक्षर होतं. मला ही गोष्ट फार मोलाची वाटते, कारण नाव असं रिकामं झालं म्हणूनच पुढे त्यात इतके नवे अर्थ भरता आले.

दालेथ म्हणजे दार, आणि आपल्याकडेही ‘दार’च. मग हे एकच मूळ का?

नाही. कानाला सारखं लागतं, पण नातं नाही. आपलं दार आलं संस्कृत ‘द्वार’ वरून. दालेथ हा फिनिशियन आणि हिब्रू ज्या कुळातल्या, त्या कुळातला शब्द. हिब्रूत आजही दाराला ‘देलेत’ म्हणतात.

खरं नातं वेगळ्याच जागी आहे. ग्रीक भाषेत दाराला स्वतःचा शब्द आहे, ‘थुरा’. हा थुरा, आपलं द्वार आणि इंग्रजीतलं डोअर ही तिन्ही एकाच आजोबांची नातवंडं. म्हणजे ग्रीकांच्या घरात द्वारचा सख्खा चुलतभाऊ होता, आणि अक्षराला मात्र त्यांनी परक्या भाषेतलं दार लावलं. पहिल्यांदा हे कळलं तेव्हा मी हातातली तार खाली ठेवली होती.

उच्चार डेल्टा बरोबर की देल्टा?

मराठीत डेल्टा रुळलं आहे, तेच म्हणावं. हा ‘ड’ आणि ‘ट’ इंग्रजीतून आला. प्राचीन ग्रीकांची जीभ दातांना लागायची, त्यामुळे त्यांचा उच्चार आपल्या ‘देल्ता’च्या जवळ होता.

उर्दूतला ‘दाल’ याच घरातला का?

हो. मिरजेतल्या एका वाइंडरने मला हे पहिल्यांदा दाखवलं. त्याने दुकानाच्या फळीवर खडूने दाल काढला आणि म्हणाला, आमचा पण चौथाच. अरबी आणि फारसी लिपीतला दाल, हिब्रूतला दालेत आणि ग्रीकांचा डेल्टा ही एकाच दालेथची लेकरं. अक्षरांनी आकडे लिहायची जुनी पद्धत होती, तिच्यात या तिघांचीही किंमत ४ धरली जाई. आजच्या उर्दू वर्णमालेत नवी अक्षरं घातल्यामुळे दाल बराच मागे गेला, पण अबजद नावाच्या मोजणीत तो अजूनही ४ च आहे. इंग्रजीतला डी हाही डेल्टाचाच, एक कोपरा गोल झालेला. रशियन लिपीतला ‘द’ काढणाऱ्याला तर त्रिकोणाच्या दोन्ही बाजू आजही दिसतात.

हे अक्षर आपल्या देशात कधी आलं?

खूप लवकर. मिलिंद राजा आपल्याला पाली परंपरेतून माहीत आहे. त्याचं ग्रीक नाव मिनँडर. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातल्या त्याच्या नाण्यांवर एका बाजूला ग्रीक आणि दुसऱ्या बाजूला खरोष्ठी लिपीत नाव आहे. ग्रीक बाजूच्या ‘मेनान्द्रू’ या शब्दात मधोमध डेल्टाचा त्रिकोण बसलेला आहे.

एकाच शब्दाचे एवढे अर्थ झाले कसे?

मी याचे तीन रस्ते मानतो. पहिला आकाराचा. जे त्रिकोणी दिसलं त्याला लोकांनी डेल्टा म्हटलं. दुसरा पहिल्या आवाजाचा. ‘द’ किंवा ‘ड’ने सुरू होणाऱ्या शब्दासाठी खूण म्हणून डेल्टा वापरला. तिसरा क्रमाचा. चौथी वस्तू आली की चौथं अक्षर दिलं. कुठलाही डेल्टा भेटला की तो यातल्या कुठल्या रस्त्याने आला ते आधी बघावं, निम्मा अर्थ तिथेच सुटतो.

ग्रीकांचे स्वतःचे आकडे बघा. जुन्या पद्धतीत डेल्टा म्हणजे १०, कारण त्यांच्याकडे दहाला ‘देका’ म्हणत. हा देका म्हणजे आपल्या ‘दश’चा भाऊ. हा आवाजाचा रस्ता झाला. नंतर पद्धत बदलली आणि तोच डेल्टा ४ झाला. हा क्रमाचा रस्ता.

नदीच्या मुखाला डेल्टा का म्हणतात?

आकारावरून. नाईल नदी कैरोच्या जवळ फुटते आणि पसरत पसरत समुद्राला मिळते. तो सगळा प्रदेश त्रिकोणी आहे, म्हणून ग्रीकांनी त्याला आपल्या अक्षराचं नाव दिलं. इसवी सनापूर्वी पाचव्या शतकात हेरोडोटस तिथे गेला होता, त्याच्या लिखाणात हे नाव आहे. इजिप्त ही नदीची देणगी आहे असं सांगणाराही तोच.

एक गोष्ट नकाशा उघडून बघा. आपण उत्तर वर ठेवतो, आणि नाईल उत्तरेकडे वाहते. त्यामुळे नकाशात तो त्रिकोण उलटा दिसतो, टोक खाली कैरोपाशी आणि पाया वर समुद्रकाठी. मुलं विचारतात की मग डेल्टा कसा? पण नदीकडे तोंड करून समुद्रकाठी उभं राहिलात, तर पाया तुमच्या पायाशी आणि टोक पुढे दूरवर. अक्षर बरोबर जुळतं.

दुसरा डेल्टा आपल्याच बाजूचा. इसवी सनापूर्वी ३२५ मध्ये सिकंदर सिंधूच्या मुखाजवळ पाताल नावाच्या गावी पोचला. तिथे नदीला फाटे फुटलेले बघून त्याच्याबरोबरच्या लोकांना नाईल आठवली. पुढे एरियन या ग्रीक इतिहासकाराने लिहून ठेवलं की सिंधूचाही इजिप्तसारखाच डेल्टा आहे, आणि तिकडचे लोक त्याला पाताल म्हणतात. एका नदीचं नाव दुसऱ्या नदीला लागलं आणि हळूहळू ते सगळ्याच नद्यांचं झालं.

आपल्या भूगोलाच्या पुस्तकात ‘त्रिभुज प्रदेश’ आहे. चांगला शब्द आहे, ग्रीकांनी पाहिलेला आकारच तो मराठीत सांगतो.

आपल्या कृष्णेचा डेल्टा कुठे आहे?

आंध्रात, बंगालच्या उपसागराला. कृष्णा सातारा जिल्ह्यात क्षेत्र महाबळेश्वरला सुमारे १,३०० मीटर उंचीवर उगम पावते. अरबी समुद्र तिथून अगदी जवळ, पण ती पाठ फिरवते आणि पूर्वेला निघते. वाई, माहुली, कराड, औदुंबर, सांगली असं करत जवळजवळ १,४०० किलोमीटर चालून समुद्र गाठते. विजयवाड्याच्या प्रकाशम बॅरेजच्या खाली जमीन इतकी सपाट होते की नदीला पुढे ढकलणारा उतारच उरत नाही. वेग गेला की हातातलं ओझं सुटतं, तसा तिचा गाळ खाली बसतो. गाळ साचून पात्र वर येतं, पाणी दुसरी वाट शोधतं, फाटा फुटतो. अवनिगड्डाजवळ पुलिगड्डा इथे कृष्णेचे असेच फाटे होतात. त्यांच्या मधल्या भागाला दिविसीमा म्हणतात. गोदावरीचा डेल्टा याला लागूनच आहे आणि तीही आपल्याच त्र्यंबकेश्वरची.

तो गाळ आला कुठून? सह्याद्रीच्या काळ्या कातळातून, आपल्या रानांतून. २०१९ च्या पुरात सांगलीच्या आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेलं होतं. धोक्याची पातळी तिथे ४५ फूट आहे. पाणी उतरल्यावर दुकानात शिरलो तर सगळ्या मोटारींच्या खाचांत मऊ, लोण्यासारखा गाळ बसला होता. बोटाने काढला तर बोटाच्या रेषा त्यात उमटत होत्या. कृष्णेचा डेल्टा असल्याच गाळाचा, थरावर थर बसून हजारो वर्षांत झालेला आहे. आता वाटेत इतकी धरणं आहेत की बराच गाळ मध्येच अडतो, आणि तिकडचा किनारा जागोजागी झिजतो आहे.

कराडचा प्रीतिसंगम डेल्टा आहे का?

नाही. तिथे कोयना आणि कृष्णा समोरासमोर येऊन मिळतात. डेल्टात उलट होतं, एक नदी फुटून अनेक होतात. हरिपूरला वारणा मिळते तोही संगमच.

मग कोकणातल्या नद्यांना डेल्टा का नाही?

त्या तोकड्या आणि वेगवान आहेत. डोंगरातून उतरल्या की लगेच समुद्र येतो, भरती-ओहोटी आत शिरून गाळ धुऊन नेते. म्हणून तिथे खाडी होते. नर्मदा आणि तापीही खाडीतूनच समुद्राला मिळतात.

स्टार-डेल्टा स्टार्टरमधला डेल्टा कुठला?

माझ्या दुकानात सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, म्हणून सविस्तर सांगतो.

थ्री फेज मोटारीत, म्हणजे विजेच्या तीन तारांवर (फेजवर) चालणाऱ्या मोटारीत, कॉइलचे तीन संच असतात. प्रत्येक संचाला दोन टोकं, म्हणजे पेटीत एकूण सहा वायरी येतात. या सहा वायरी जोडायच्या दोन रीती. तिन्ही संचांचं एकेक टोक एकत्र बांधलं आणि उरलेल्या तीन टोकांना तीन फेज दिले, तर कागदावर तीन पायांची चांदणी दिसते. तो स्टार. आणि पहिल्याचं शेवट दुसऱ्याच्या सुरुवातीला, दुसऱ्याचं तिसऱ्याच्या, तिसऱ्याचं परत पहिल्याच्या सुरुवातीला जोडलं, तर बंद त्रिकोण होतो. तो डेल्टा. म्हणजे हाही आकाराच्याच रस्त्याने आलेला. थ्री फेजची चालण्याजोगी मोटार १८८९ मध्ये दोलिवो-दोब्रोवोल्स्की या रशियन इंजिनिअरने जर्मनीत बनवली, आणि तिथून ही जोडणी जगभर गेली.

फरक काय पडतो ते बघा. दोन फेजमध्ये ४१५ व्होल्ट असतात. डेल्टात प्रत्येक संचाला पुरे ४१५ मिळतात. स्टारमध्ये तेच ४१५ दोन संचांच्या वाटेत विभागले जातात आणि प्रत्येकाला सुमारे २४० येतात. दहा एचपीची मोटार चालताना १४-१५ अँपिअर घेते. थेट डेल्टात सुरू केली तर पहिल्या क्षणी ती याच्या सहापट ओढू शकते. आळीतले दिवे मंद होतात, डीपीचा, म्हणजे खांबावरच्या ट्रान्सफॉर्मरचा, फ्यूज उडतो. म्हणून आधी स्टारमध्ये उठवायची. तेव्हा ओढ एक तृतीयांशावर येते. मोटारीने वेग धरला की डेल्टात टाकायची. जुन्या तेलाच्या स्टार्टरला दांडा असायचा, एका बाजूला ढकलायचा आणि आवाज चढला की झटक्यात दुसऱ्या बाजूला ओढायचा. माझे वडील डोळे मिटून नुसत्या आवाजावर दांडा ओढायचे. आता टायमर आठ-दहा सेकंदांत ते करतो.

एक इशारा मनापासून देतो. टायमर अडकून मोटार स्टारमध्येच चालत राहिली तर तिला ताकदही एक तृतीयांशच मिळते. पाणी कमी येतं, मोटार तापते आणि शेवटी जळते. पाणी कमी पडतंय म्हणून विहिरीत डोकावण्याआधी स्टार्टरचं झाकण उघडून दुसरा काँटॅक्टर, म्हणजे डेल्टाची जोडणी करणारा विजेचा खटका, खाली बसतोय का ते बघा. अर्थात झाकण मेन बंद करूनच उघडायचं, आणि हे सगळं जाणत्या माणसाकडून.

मोटार जळल्यावर डेल्टा की स्टार हे ओळखता येतं का?

येतं, आणि हे मला फार आवडतं. रात्रीच्या थ्री फेज लाईटमध्ये एखादा फेज गेला आणि मोटार तशीच गुरगुरत राहिली, तर ती जळते. उघडल्यावर वर्तुळात बघायचं. डेल्टातल्या मोटारीत एकाच फेजच्या कॉइल कोळशासारख्या काळ्या आणि बाकीच्या दोन फेजच्या तांबूस, जिवंत. स्टारमधल्या मोटारीत उलट, दोन फेज काळे आणि एक शाबूत. गिऱ्हाइकाला मी बोलावून दाखवतो. काळ्या आणि तांबूस कॉइल वर्तुळात आळीपाळीने बसलेल्या असतात, नक्षीसारख्या. नुकसान डोळ्यांनी दिसलं की पुढच्या वेळी सिंगल फेजिंगचा प्रिव्हेंटर, म्हणजे एखादा फेज गेला की मोटार बंद करणारं यंत्र, बसवायला माणूस तयार होतो.

डीपीला वर तीन वायरी आणि खाली चार का?

कारण डीपीची वरची, ११ हजार व्होल्टची बाजू डेल्टात गुंडाळलेली असते. त्रिकोणाला तीन टोकं, म्हणून तीन वायरी. खालची बाजू स्टारमध्ये असते. तिच्या मधल्या गाठीतून न्यूट्रल निघतो, म्हणून चार. घरातला पंखा आणि दिवा याच न्यूट्रलवर चालतात. डेल्टाला मधली गाठच नसते, त्यामुळे न्यूट्रल नसतो. कधी गावातून जाताना वर बघा, रोजचाच खांब वेगळा दिसेल.

पाटबंधारे खात्यातले लोक ‘उसाचा डेल्टा’ म्हणतात, तो काय?

पिकाला लावणीपासून तोडणीपर्यंत एकूण जितकं पाणी लागतं, ते सगळं एकदम रानात उभं केलं तर किती खोल होईल, त्या खोलीला सिंचनशास्त्रात डेल्टा म्हणतात. अभियांत्रिकीच्या पुस्तकात उसाचा ढोबळ डेल्टा १२० सेंटिमीटर दिलेला असतो, गव्हाचा ४०. आपल्या आडसाली उसाला जास्त लागतं. १२० च धरला तरी एका एकराला ४८ लाख लिटरच्या वर पाणी होतं. म्हणजे उसाच्या रानात कमरेच्या वर पाणी उभं आहे असं डोळ्यांपुढे आणा, गव्हाच्या रानात गुडघ्याच्या खाली. म्हैसाळ, ताकारी, टेंभू या उपसा सिंचन योजनांच्या आवर्तनाचे वाद ऐकताना मला हे चित्र दिसतं. ठिबकवाल्या शेतकऱ्याचा डेल्टा कमी होतो, कारण पाणी मुळाशी पडतं. लाईट आली की खटका टाकून झोपणाऱ्यांना मी हे आवर्जून सांगतो.

दहावीच्या गणितातला डेल्टा?

वर्गसमीकरणाचा विवेचक. बी वर्ग वजा चार एसी एवढी किंमत काढायची. ती धन आली तर दोन वेगळी उत्तरं, शून्य आली तर दोन्ही सारखी, ऋण आली तर वास्तव उत्तर नाही. एक्स वर्ग वजा ५ एक्स अधिक ६ घ्या. २५ वजा २४, डेल्टा १. उत्तरं २ आणि ३.

अकरावीला गेलात की डेल्टा बदलासाठी येतो. डेल्टा टी म्हणजे वेळेतला फरक, डेल्टा एक्स म्हणजे जागेतला. फरकाला ग्रीकमध्ये ‘दियाफोरा’ म्हणतात, तो याच अक्षराने सुरू होतो. मीटरचं मागच्या महिन्याचं रीडिंग या महिन्यातून वजा करता ना? तो डेल्टाच. रसायनशास्त्रात बाणावर त्रिकोण दिसला तर उष्णता द्या असा अर्थ. आणि त्रिकोण उलटा, टोक खाली असेल तर तो डेल्टा नव्हे, त्याला ‘नाब्ला’ म्हणतात. तशा आकाराच्या एका जुन्या तंतुवाद्यावरून ते नाव पडलं.

करोनाच्या विषाणूला डेल्टा नाव का दिलं? त्रिकोणी होता का?

नव्हता. तो क्रमाने आला. विषाणूची नवी रूपं ज्या देशात आधी सापडली त्या देशाच्या नावाने लोक त्यांना ओळखायला लागले होते, आणि त्या देशाच्या माणसांना त्याचा डाग लागत होता. म्हणून जागतिक आरोग्य संघटनेने ३१ मे २०२१ रोजी ग्रीक अक्षरं जाहीर केली. ब्रिटनमध्ये प्रथम आढळलेला अल्फा, दक्षिण आफ्रिकेतला बीटा, ब्राझीलमधला गॅमा, आणि २०२० च्या अखेरीस भारतात आढळलेला डेल्टा. शास्त्रीय नाव बी.१.६१७.२.

ती दुसरी लाट आमच्या जिल्ह्यांनी फार जवळून पाहिली. दुकानात दुरुस्त होऊन ठेवलेल्या दोन मोटारी त्या उन्हाळ्यात न्यायला कुणी आलंच नाही. एकीचे मालक गेले होते. दुसरीची पाटी अजून लावलेली आहे. त्या दिवसांत ‘डेल्टा’ म्हटलं की गिऱ्हाइकं गप्प व्हायची, आणि मलाही जोडणी सांगताना तो शब्द उच्चारायला जड जायचं. म्हणून कुणी विचारलं तर मी आवर्जून सांगतो, शब्द विषाणूचा नाही. तो आधी दाराचा, मग नदीचा, त्याने आमच्या रानाला पाणी दिलं आहे. रोगाला तो फक्त चौथा म्हणून लागला.

आणि जी लस दंडावर घेतली, ती ज्या स्नायूत टोचली त्याचं नाव डेल्टॉइड, म्हणजे डेल्टासारखा. खांद्याला टोपीसारखा बसलेला, वर रुंद आणि खाली दंडावर निमुळता. हात बाजूला उचलून दुसऱ्या हाताने चाचपलात तर त्रिकोण बोटांना लागतो.

फौजेतली ‘डेल्टा कंपनी’?

हा आवाजाचा रस्ता. रेडिओवर बी, डी, पी, टी सारखेच ऐकू येतात, म्हणून प्रत्येक इंग्रजी अक्षराला एक शब्द ठरवला आहे. अल्फा, ब्राव्हो, चार्ली, डेल्टा. पायदळाच्या बटालियनमधल्या कंपन्यांना तीच नावं. सातारा जिल्ह्यात घरटी फौजी असलेली गावं आहेत, तिथे म्हाताऱ्या आजीसुद्धा सांगतात, “नातू डेल्टा कंपनीत हाय.”

तेजस विमानाच्या पंखांनाही डेल्टा म्हणतात, पण तो आकारावरून.

आकाशातही डेल्टा आहेत म्हणे?

१६०३ मध्ये बायर नावाच्या जर्मन माणसाने तारकासमूहातल्या ताऱ्यांना ढोबळ तेजानुसार ग्रीक अक्षरं दिली. मृग नक्षत्रात जो तीन ताऱ्यांचा बाण आपण लहानपणी शिकतो, त्यातला सगळ्यात पश्चिमेचा तारा हा त्या समूहाचा डेल्टा. तो जवळजवळ नेमका पूर्वेला उगवतो आणि पश्चिमेला मावळतो. रात्री पाणी पाजायला रानात गेलात आणि दिशा कळेना, तर उगवताना त्याच्याकडे बघा.

वृषपर्वा समूहातला डेल्टा त्याहून मोलाचा. तो सुमारे ५ दिवस ९ तासांत मंद होऊन पुन्हा तेजस्वी होतो. १७८४ मध्ये जॉन गुडरिक या कर्णबधिर तरुणाने हे नुसत्या डोळ्यांनी हेरलं, तेव्हा तो विशीतला होता. अशाच ताऱ्यांवर काम करून हेन्रिएटा लेव्हिट यांनी १९१२ मध्ये दाखवलं की तारा जितका तेजस्वी तितका त्याचा फेरा लांब. त्यावरून दीर्घिकांची अंतरं मोजता आली.

कृष्णेचा डेल्टा बघायला जायचं असेल तर?

सांगलीच्या हळद बाजारात तिकडची माणसं भेटतात, कारण कृष्णेच्या दुसऱ्या टोकालाही हळदीची मोठी पेठ आहे, गुंटूरकडे दुग्गिराला इथे. मी तसाच एका ओळखीच्या ट्रकवाल्याबरोबर गेलो होतो. विजयवाड्यापर्यंत रेल्वेनेही जाता येतं. तिथून अवनिगड्डा, आणि पुढे हंसलदीवी. १९७७ च्या नोव्हेंबरातल्या चक्रीवादळाने दिविसीमेत हजारो माणसं नेली, त्यामुळे तिथले लोक समुद्राबद्दल फार जपून बोलतात. पावसाळा टाळा, सकाळी जा.

हंसलदीवीच्या पुढे नदी आणि समुद्र यांच्यात नीट रेघ दिसत नाही. पाणी करडं, उथळ, वाऱ्याने सुरकुतलेलं. मी चप्पल काढून चिखलात उभा राहिलो आणि मूठभर उचलला. पुरानंतर मोटारींच्या खाचांतून काढला होता तसाच मऊ आणि काळपट, बोटांच्या रेषा उमटवणारा. थोडा पुडीत बांधून आणला. दुकानात पेचकसांच्या डब्याशेजारी ती पुडी आहे, मागितली तर दाखवतो.